कूलरला करंट येतो तेव्हा चूक कोणाची?

मागच्या मे महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका काकूंना कूलरचा शॉक लागला. संध्याकाळी नळ आला, म्हणून त्या बादलीने कूलरमध्ये पाणी ओतत होत्या. कूलर चालूच होता. पाय अनवाणी, फरशी ओली. ओतता ओतता डावा हात पत्र्याला टेकला आणि तिथेच चिकटला. तोंडातून आवाजही निघेना. नववीत शिकणाऱ्या मुलीचे लक्ष गेले, तिने आईला हात न लावता धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून काकू आज आपल्यात आहेत. तळहात भाजला, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विहारात चार लोक जमले तेव्हा एकच विषय होता. फिटिंग कोणी केली होती? ती वस्तीतल्याच एका पोराने केली होती. आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केलेला, कोणाचाही पंखा बंद पडला की ज्याला हाक मारली जाते तो. लोक त्याच्यावर तुटून पडले. तो बराच वेळ मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "काकाजी, मी सांगितलं होतं. अर्थिंग करू, आरसीसीबी बसवू. तुम्हीच म्हणाले, आता बोर्ड अन् पंखे लावून दे, अर्थिंगचं पुढच्या साली पाहू." काकूंचे यजमान समोरच बसले होते. "हो, म्हटलं होतं मी," ते म्हणाले. कोणी काही बोलेना. पोरगा उठता उठता आणखी एक वाक्य बोलून गेला. "विहाराच्या कमिटीलाही मी हेच सांगितलं होतं."

त्या कमिटीत आम्हीही आहोत. म्हणून हा लेख दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी लिहिलेला नाही.

आरोग्याच्या पानावर विजेचे काय काम, असे काही वाचक विचारतील. या पानावर आपण सिकलसेलबद्दल, बीपी-शुगरबद्दल, उष्माघाताबद्दल लिहीत आलो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१च्या अहवालात विजेच्या धक्क्याने झालेले मृत्यू १२ हजारांच्या वर आहेत. एका वर्षात, एका देशात. साथीच्या रोगाने इतकी माणसे गेली असती तर दारोदार तपासणी झाली असती. विदर्भात तर उन्हाळा लागला की कूलरच्या शॉकने कोणी गेल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ठरलेलीच. आपण ती वाचतो, "अरेरे" म्हणतो आणि पाइप घेऊन आपला कूलर भरायला जातो.

आधी कूलरच पाहू. आपल्याकडचा कूलर बहुतेक पत्र्याचा. त्यात पाण्याची टाकी, टाकीत बुडालेली लहान मोटर, वर पंख्याची मोटर, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या नाही तर लाकडी भुशाच्या ताट्या. म्हणजे पत्रा, पाणी आणि वीज एकाच खोक्यात. पाण्यातल्या पंपाचे वाइंडिंग दोन-तीन उन्हाळ्यांत झिजते, वायरचा जोड ओला होतो, कुठे तरी फेज पत्र्याला लागतो. सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. कूलर मात्र चालत राहतो, हवाही थंड देतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून हात लावतो तेव्हाच त्या करंटला जमिनीत जायला वाट मिळते. ती वाट म्हणजे आपले शरीर.

ही वाट आधीच दुसरीकडे काढून देणे, यालाच अर्थिंग म्हणतात. थ्री-पिन प्लगमधली वरची जाड, लांब पिन त्याचसाठी असते. ती लांब ठेवली आहे ती सर्वांत आधी लागावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. आपल्या घरांत काय दिसते? पिन तुटलेली, किंवा बोर्डात बसत नाही म्हणून कापलेली. काही कूलरना मुळात दोन पिनांचाच प्लग. कुठे थ्री-पिन आहे, पण बोर्डाच्या मागे हिरवी वायर कुठेच जात नाही, नुसती वेटोळे करून ठेवलेली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे न्यूट्रलमधूनच तुकडा काढून अर्थच्या भोकात दिलेला. याला काही जण "लोकल अर्थिंग" म्हणतात. न्यूट्रलची वायर कुठे तुटली, किंवा खांबावर काम करताना फेज-न्यूट्रल उलटे झाले, की हे "लोकल अर्थिंग" स्वतःच कूलरच्या पत्र्यात २३० व्होल्ट आणून सोडते. नळाच्या पाइपला अर्थ बांधण्याची रीतही तितकीच घातक. पूर्वी लोखंडी पाइप जमिनीत खोल जात असे. आता मध्येच प्लॅस्टिकचा तुकडा असतो, आणि मग तुमच्या कूलरचा करंट शेजारच्या वहिनींच्या नळाला येतो.

काकूंच्या घरी एमसीबी होते. "एमसीबी असून शॉक कसा लागला?" हा प्रश्न त्या दिवशी विहारात चार वेळा विचारला गेला. याचे उत्तर नीट समजून घ्यावे, कारण आपल्यातल्या बहुतेकांची समजूत इथेच चुकलेली आहे.

एमसीबी वायरला जपते. वायरमधून जास्त करंट गेला की ती तापते, जळते, आग लागते, ते होऊ नये म्हणून एमसीबी पडते. घरात साधारण सर्वांत लहान एमसीबी ६ अँपिअरचे, म्हणजे ६,००० मिलीअँपिअर. माणसाचे काय? एका मिलीअँपिअरला मुंग्या येतात. दहाच्या पुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. काकूंचा हात चिकटला तो असा. तिसाच्या आसपास श्वास अडखळू लागतो आणि पन्नास ते शंभरच्या दरम्यान हृदयाचा ठोका विस्कटून ते नुसते थरथरत राहू शकते. ओल्या अंगाचा अवरोध हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टला हजाराने भागा, २३० मिलीअँपिअर झाले. माणसाला मारायला पुरेसे आणि वर उरणारे. पण एमसीबीच्या हिशोबाने हा करंट म्हणजे पन्नासेक वॉटचा एक बल्ब. घरात कोणी मरत असते आणि एमसीबीला वाटते, एक बल्ब जास्त लागला.

आरसीसीबीचे काम वेगळे आहे. जुनी माणसे त्यालाच ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जितका करंट गेला तितका न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढेच ते पाहत राहते. फरक पडला म्हणजे करंट कुठे तरी दुसऱ्या वाटेने, भिंतीतून, पत्र्यातून किंवा माणसातून, जमिनीत जातो आहे. घरासाठी ३० मिलीअँपिअरचे घ्यायचे. तेवढा फरक दिसला की डोळ्याची पापणी लवण्याआधी ते लाइन तोडते. शॉक जाणवतो, पण हात सुटतो. बऱ्या कंपनीचे आरसीसीबी दीड ते अडीच हजारांच्या आसपास मिळते. आपण पोराच्या हातात दिलेला मोबाइल त्याच्या कितीतरी पट महाग आहे.

"आमच्याकडे अर्थिंग आहे, मग आरसीसीबी कशाला?" असेही काही जण म्हणतील. आपल्या भागातली काळी माती पाहा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगचा खड्डा ओलाव्यावर काम करतो. मीठ आणि कोळसा त्यासाठीच घालतात. माती सुकली की अवरोध वाढतो. समजा तो ५० ओहम झाला. मग पत्र्यात उतरलेला फेज खड्ड्यात साडेचार अँपिअर सोडेल आणि ६चे एमसीबी पडणारच नाही. पत्रा जिवंत तो जिवंतच राहील. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर चालतो, नेमके त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत कमकुवत असते. खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतावे, आणि आरसीसीबीही लावावे. उलट, दाटीच्या गल्लीत जिथे खड्ड्याला जागाच नाही तिथेही आरसीसीबी काही अंशी तरी वाचवते. दोन्ही असणे उत्तम. दोन्ही नसणे ही मात्र आपल्या वस्त्यांतली आजची सर्वसाधारण स्थिती आहे.

आणि जिथे आरसीसीबी लावलेले होते तिथले ऐका. "सारखं पडत होतं, म्हणून काढून टाकलं." वस्तीत आम्ही विचारत फिरलो तेव्हा हे वाक्य तीन घरांत ऐकले. सारखे पडत होते म्हणजे कुठे तरी करंट गळत होता. ताप येतो म्हणून थर्मामीटर फेकून दिल्यासारखे झाले हे. त्याच्यावर "टी" लिहिलेले एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. लाइन गेली पाहिजे. गेली नाही तर ते बदलावे.

आता कारागिराविषयी. घरचे काम स्थानिक वायरमनलाच द्यावे, असे आमचे मत आहे आणि त्या मे महिन्यानंतरही ते बदललेले नाही. रात्री अकरा वाजता बोर्डातून धूर निघाला तर फोनवरून मागवलेला माणूस येत नाही, गल्लीतला पोरगा येतो. कोणत्या घराची लाइन कुठून गेली हे त्याला पाठ असते. काम बिघडले तर तो तोंड लपवू शकत नाही, हे आपण विहारात पाहिलेच. पण ओळखीचा आहे एवढ्यावर भागत नाही. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणे वेगळे. नवीन वायरिंग करणे किंवा जुन्यात भर घालणे हे काम कायद्याने परवानाधारक विद्युत कंत्राटदारामार्फत, परवानाधारक माणसाकडूनच व्हायला हवे. नवीन मीटर घेताना महावितरण कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट मागते तो यासाठीच. तो रिपोर्ट अनेकदा घर न पाहताच सहीसह विकत मिळतो, हेही सगळ्यांना माहीत आहे. कागद मिळाला, तपासणी झालीच नाही.

आपल्या पोरांचा प्रश्न इथे येतो. दोन वर्षांचा आयटीआय केला म्हणजे परवाना मिळाला असे अनेकांना वाटते. तसे नाही. परवान्यासाठी राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. आमच्या वस्तीतल्या त्या पोराने तो कधी केलाच नव्हता. कागद जमवायचे, फी भरायची, खेपा घालायच्या, त्या दिवसांची मजुरी बुडवायची, आणि एवढे करून वस्तीत कोणी परवाना विचारतही नाही. मग तो कशाला काढेल? परवाना असता तर त्याला कंत्राटदाराकडे, कारखान्यात, मोठ्या सोसायटीत बऱ्या पैशाचे काम मिळाले असते. आपण विचारले नाही, हे त्याचेही नुकसान आहे.

विचारायला लाज वाटू नये. डॉक्टरची पाटी आपण वाचतोच. परवाना आहे का, नसेल तर कोणत्या कंत्राटदाराच्या हाताखाली काम करणार, काम झाल्यावर मेगर लावून इन्सुलेशन तपासणार का, खड्ड्याचा अवरोध मोजून कागदावर लिहून देणार का, एवढे विचारले तरी समोरचा माणूस सावरून बसतो. वायर आपण स्वतः दुकानात जाऊन आणावी, आयएसआय शिक्का पाहून. दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, पॉवर पॉइंटला अडीच, गिझर किंवा एसी असेल तर चार. "आमच्याकडचीच घ्या, त्यातलीच आहे" असे म्हणत दुकानदार बिनशिक्क्याचे बंडल पुढे करील, ते घेऊ नये.

आणि मजुरी. हे लिहिताना आमची आम्हालाच लाज वाटते. "आपलाच पोरगा आहे, दोनशे घे अन् चहा पी." हे आपण किती सहज म्हणतो. दिवसभराचे काम, भिंत फोडणे, शिडीवर चढणे, आणि शेवटी दोनशे रुपये. वर भाव पाडताना पहिली काट कशावर मारतो? जे दिसत नाही त्यावर. झुंबर दिसते, फॉल्स सीलिंगचे रंगीत दिवे दिसतात. जमिनीतला खड्डा पाहुण्यांना दिसत नाही. पोरगा तीनदा सांगतो, चौथ्यांदा सांगत नाही, कारण सांगितले की काम दुसऱ्याला जाते. काकूंच्या घरी हेच झाले होते. त्यात त्याची चूक नाही असे आम्ही म्हणणार नाही. अर्थिंगशिवाय बोर्ड चालू करून देऊ नये, हे त्याला आयटीआयमध्ये शिकवलेले होते. पण त्याला "नाही" म्हणण्याची सोय आपण ठेवली नव्हती.

याहून वाईट गोष्ट पावसाळ्यात होते. रात्री लाइट जाते आणि वस्ती त्याला म्हणते, "चढ ना खांबावर, तुला येतं." खांब महावितरणचा आहे. तिथे चढण्याचा अधिकार आणि साधने लाइनमनकडे असतात. खालून कोणाचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलटा करंट देत असेल तर बंद वाटणारी लाइनही मारते. १९१२ला फोन लावावा आणि अंधारात बसावे. दोन तासांच्या पंख्यासाठी कोणाचा पोरगा खांबावर चढवू नये.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. त्याच खात्याकडे वीज आणि पाण्याचे नियोजनही होते, आणि १९४४मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले ते त्यांच्या काळात, हे फार कमी वेळा सांगतो. वीज कोणाला, किती आणि कशी मिळावी हा त्यांच्या कामाचा भाग होता. आणि आपण त्यांच्या जयंतीला काय करतो? १४ एप्रिलच्या रोषणाईसाठी खांबावर आकडा टाकतो. मंडपाच्या लोखंडी पाइपला माळा गुंडाळतो, टेपने बांधलेले जोड रस्त्यावर सोडून देतो, त्यांवरून पाण्याचा टँकर जातो. कमानीला हात लावून लहान पोरे फोटो काढतात. तात्पुरती जोडणी महावितरणकडे अर्ज केला की मिळते. तिथेही पेटीत आरसीसीबी हवे, कमान आणि मंडपाच्या पाइपला अर्थ हवा, जोड जमिनीपासून उंच हवेत. चोरीची वीज घेतली तर यातले काहीच जमत नाही.

भाड्याने राहणाऱ्यांची अडचण आम्हाला मान्य आहे. घरमालक "तुमचं तुम्ही पाहा" म्हणतो. अशांनी मीटरच्या पुढे आपली लहानशी पेटी करून घेऊन त्यात आरसीसीबी लावावे. खोली सोडताना ते वायरमनकडून काढून घेऊन जाता येते.

शॉक लागलेल्या माणसाचे काय करायचे, हे त्या नववीतल्या मुलीला माहीत होते आणि आपल्यातल्या अनेक मोठ्यांना नाही. त्याला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच किंवा प्लग बंद. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला दूर ढकलायचे, आपण कोरड्या जागी उभे राहून. मग हाक मारून पाहायचे. प्रतिसाद नसेल आणि श्वास चालत नसेल, तर १०८ला फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. तळपाय चोळत बसू नये, तोंडात पाणी घालू नये. काही ठिकाणी शॉक लागलेल्याला मातीत किंवा शेणात पुरून ठेवतात, "करंट जमिनीत उतरतो" म्हणतात. शरीरात करंट साठून राहत नाही. मातीत घालवलेली ती दहा मिनिटे म्हणजेच त्याचे मरण. आणि माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी दवाखान्यात न्यावे, ईसीजी काढावा. भाजल्याची खूण बाहेर नाण्याएवढी दिसते, आत किती जळले ते वरून कळत नाही.

या जानेवारीत विहाराचे वायरिंग तपासून घेतले. एका परवानाधारक कंत्राटदाराच्या देखरेखीखाली त्याच पोराने काम केले. सभागृहातल्या अकरा सॉकेटपैकी चारांनाच खरा अर्थ मिळत होता. नवीन खड्डा केला, मेनवर आरसीसीबी बसवले, महिला मंडळाच्या खोलीतला पाण्याच्या मोटरचा बोर्ड ओल्या भिंतीवरून हलवला. त्याच्या परवान्याचा अर्जही कमिटीतल्या दोघांनी बसून भरून घेतला. बिल आले तेव्हा एक ज्येष्ठ काकाजी सवयीने म्हणाले, "काही कमी कर ना बापू." मग आपणच हसले आणि चेकवर सही केली. ज्यांना आपल्या घरचे काम दाखवायचे आहे त्यांनी मार्च संपायच्या आत विहारात नाव द्यावे. एप्रिल लागला की तो कूलरच्या कामांत अडकतो.